कूलरवाल्याचा नंबर मार्चमध्ये लागत नाही

मा. संपादक, नमस्कार.

मार्च लागला की नागपुरात घरोघरी कूलर साफ करायला काढतात अन् त्याच्या पत्र्यावर चिकटवलेला कूलरवाल्याच्या नंबरचा मागच्या वर्षीचा स्टिकर शोधतात. ताट्या बदलायच्या असतात, पंप जाम झालेला असतो, अन् फोन लावला की बाई सांगते हा नंबर अस्तित्वात नाही. नाहीतर भलताच माणूस उचलतो, तोही बिचारा वैतागलेला, "अजी मी कूलरवाला नाही, सकाळपासून लोकं फोन करून राहिले". महालात माझं प्रिंटिंगचं छोटं काम आहे, हे स्टिकर, कार्ड, फ्लेक्स आम्हीच छापतो, म्हणून लिहितोय.

होतं काय, कूलरवाल्यानं सीझनसाठी नवीन प्रीपेड सिम घ्यायचं अन् पाऊस पडला की रिचार्ज बंद. आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंग. ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम असा आहे की 90 दिवस काहीच वापर नसला तर कंपनी नंबर बंद करू शकते, बॅलन्स असला तर 20 रुपये कापून 30 दिवस वाढवून मिळतात, बस. बंद झालेला नंबर पुन्हा 90 दिवस कोणाला देत नाहीत, पण त्यानंतर देऊ शकतात. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तुमचा स्टिकर दुसऱ्याचाच फोन वाजवतो. कूलरवालाच नाही, पतंग, फटाके, रसवंती, लग्नाचे मंडपवाले, सगळ्यांचं हेच.

अन् डोकं कुठे चालवतात तर नंबरच्या बेरजेत! शेवटी चार शून्य पाहिजे, बेरीज नऊ आली पाहिजे, त्यासाठी वेगळे पैसेही मोजतात. अरे बापा, गिऱ्हाईक तुमच्या नंबरची बेरीज करत नाही, स्टिकरवरून पाहून लावतं. त्यापेक्षा ते पैसे वर्षभराच्या रिचार्जला लावा.

खरी भानगड नावाची आहे. सिम कधी साळ्याच्या नावावर, कधी दुकानातल्या पोराच्या, कारण त्या दिवशी आधार त्याच्याकडे होतं. मग पोरगं काम सोडतं, सक्करदऱ्याला स्वतःचं दुकान टाकतं, अन् नंबर, व्हॉट्सॲप, सगळं गिऱ्हाईक त्याच्यासोबत. भांडायला जागाच नाही, कागदोपत्री नंबर त्याचाच. आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फुकट दिसतं, एकदा पाहून घ्या. अन् ज्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात तो नंबर गावभर फ्लेक्सवर कशाला छापायचा, धंद्याचा वेगळा ठेवा.

स्वस्त प्लॅन मिळाला म्हणून नंबर बदलणारेही येतात आमच्याकडे. पोर्टिंग 2011 पासून देशभर आहे, 1900 वर मेसेज केला की कोड येतो, तो नव्या कंपनीला दिला की कंपनी बदलते, नंबर तोच राहतो. लँडलाइनला मात्र ही सोय नाही, अन् जागा बदलली तर नंबरही बदलू शकतो. तरी नागपूरचा 0712 कोड दिसला की जुन्या लोकांना दुकान पक्कं वाटतं हे खरं आहे, अन् व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइनवरही चालतं, सुरू करतानाचा कोड मेसेजऐवजी कॉलवर ऐकायचा. 1800 वाल्या टोल फ्रीच्या नादी तर लागूच नका, त्यात प्रत्येक फोनचे पैसे दुकानदाराला पडतात, मानेवाड्यातून जरीपटक्याला सर्व्हिस द्यायला त्याची काय गरज?

आपल्या पेपरमार्फत ट्रायला अन् मोबाइल कंपन्यांना एकच सांगणं आहे, सीझनच्या धंद्यावाल्यांसाठी फक्त इनकमिंग चालू राहील असा वर्षभराचा स्वस्त प्लॅन काढा. चार महिने कमावणाऱ्याला बारा महिने पूर्ण डेटाचं रिचार्ज परवडत नाही. सध्या स्टिकर छापायला कोणी आलं की मी आधी विचारतो सिम कोणाच्या नावावर आहे, काही जण म्हणतात तुम्हाला काय करायचं, तुम्ही छापा ना. छापून देतो मग.

– एक प्रिंटिंगवाला, महाल, नागपूर