उघडी सर्व्हिस वायर रिपोर्टची वाट बघत नाही

मा. संपादक,
स.न.

जुनं घर घेताना आधी तपासणी करून घ्या असं आता सगळेच सांगतात आणि बरोबरच आहे ते, पण त्या तपासणीच्या रिपोर्टबद्दल माझी एक तक्रार आहे. नळ गळतोय, दाराची कडी सैल आहे, काच तडकलीय, आणि त्याच यादीत मधेच कुठेतरी "सर्व्हिस वायरचे इन्सुलेशन खराब, इलेक्ट्रिशियनला दाखवावे". बस, संपलं. अहो, सैल कडीने कुणी मरतं का?

सर्व्हिस वायर म्हणजे खांबावरून मीटरपर्यंत येते ती. घरातल्या वायरिंगला निदान एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) असतो, आरसीसीबी (करंटची गळती पकडणारा स्विच) बसवला असेल तर ३० मिलीअँपिअरच्या गळतीलाही तो सप्लाय तोडतो. ही वायर या सगळ्याच्या आधी येते, त्यामुळे मेन स्विच पाडला तरी ती चालूच राहते आणि तिच्यामागे जो काही फ्यूज असेल तो इतका मोठा की माणूस चिकटला तरी उडणार नाही. हेच लोकांना माहीत नसतं, मेन बंद केलाय ना मग काय होतंय म्हणत शिडी लावून टेप गुंडाळायला चढतात, शिडी परत अ‍ॅल्युमिनियमची.

वायर उघडी पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. वर्षानुवर्षं ऊन खाऊन इन्सुलेशन कडक होऊन तडकतं, पाइपात शिरते तिथे काठावर घासून सोलवटतं, नाहीतर झाडाची फांदी घासत राहते. पाइपात शिरण्याआधी वायरला खाली झोळ दिलेला नसेल तर पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत थेट मीटर बॉक्समध्ये जातं, आणि मग आत गंज धरलेला बाहेरून दिसतही नाही. (काही ठिकाणी वरून येणाऱ्या वायरींमधली आधाराची न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी आणि बाकीच्या वायरींचा भार पेलणारी वायर, मुद्दामच उघडी असते, ती बघून बोंब मारणाराही तपासणीवाला कामाचा नाही. तिलाही हात लावायचा नाहीच, पण फेज, म्हणजे करंट आणणारी जिवंत वायर, उघडी असणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं त्याला कळलं पाहिजे.)

आता मुख्य मुद्दा. तपासणीचे पैसे घर घेणारा देतो म्हणून रिपोर्ट त्याचा, दुसऱ्याला दाखवायचा नाही, हे मला मान्य आहे. पण त्या घरात आज राहतंय कोण? विकणाऱ्याची माणसं किंवा भाडेकरू, त्यांची पोरं त्याच भिंतीपाशी खेळणार. चार दिवसांनी घेणाऱ्याच्या मेलवर पीडीएफ जाणार, तो भाव पाडून मागायला ती वापरणार, आणि राहणाऱ्यांना पत्ताच नाही! गोपनीयता किमतीच्या बोलण्यात ठेवा ना, जिवाच्या गोष्टीत कशाला? उघडी फेज दिसली की तिथल्या तिथे राहणाऱ्याला सांगायचं, तिकडे कुणाला फिरकू देऊ नका म्हणायचं आणि त्याच्याकडून वीज कंपनीच्या तक्रार नंबरवर लगेच फोन करवून घ्यायचा. वायर कंपनीची की मालकाची हा वाद नंतर, ती सीमा जागोजागी वेगळी असते, पण मागून सप्लाय तोडणं कंपनीच्याच हातात असतं आणि त्याशिवाय इलेक्ट्रिशियनने तिथे हात घालायचा नाही.

रिपोर्टमध्येही ते पहिल्या पानावर यावं आणि मोघम नको. कुठल्या भिंतीला, जमिनीपासून अंदाजे किती उंचीवर, तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियम दिसतंय की नुसती तडा, गच्चीवरून खिडकीतून हात पोचतो का, कुणाला किती वाजता सांगितलं. फोटो लांबून झूम करून काढा, टेस्टर लावून बघायची हौस नको.

तुमच्या घरांच्या पुरवणीत एवढं जरूर छापा की तपासणीवाला ठरवतानाच त्याला विचारून घ्या, मीटरच्या आधीची वायर उघडी दिसली तर तू कुणाला सांगणार आणि किती वेळात. "रिपोर्टमध्ये लिहीन" म्हणाला तर दुसरा बघा.

आपला एक वाचक