राजसिंह भोळा नव्हता

संपादक महोदय, स.न.वि.वि.

पोर्तुगीजांना हुसकावण्यासाठी डचांना बोलावणारा श्रीलंकेतील कँडीचा राजा दुसरा राजसिंह ‘आगीतून फुफाट्यात’ पडला, असे सर्रास म्हटले जाते. मला ते अर्धवट वाटते. १६३८च्या करारात जिंकलेल्या किल्ल्यांत डच शिबंदी ‘राजाची इच्छा असल्यास’ ठेवायची होती. राजाच्या प्रतीत हे शब्द होते, डचांच्या प्रतीतून ते गाळलेले! ही सरळसरळ लबाडी होती. १६५६मध्ये कोलंबो पडले आणि डचांनी ते राजाला दिलेच नाही. मग त्याने आसपासचा मुलूख जाळून उजाड केला, रयत डोंगरात नेली. दालचिनीवर डोळा ठेवून बसलेल्यांना ओसाड रान उरले. (यात हाल रयतेचेच झाले, हेही खरे.) पुढे १६७२मध्ये फ्रेंच आरमार त्रिंकोमालीला आले, तेव्हा डचांवर शह म्हणून त्याने त्यांनाही हाताशी धरले. मात्र उद्दामपणे वागलेल्या फ्रेंच वकिलाला कैदेत टाकायला तो कचरला नाही. १६८७मध्ये तो वारला तेव्हा किनारा डचांकडे होता, कँडी स्वतंत्रच होती. ती इंग्रजांच्या हाती पडली थेट १८१५मध्ये.

– एक वाचक, ठाणे