'लाइद' म्हणजे सडपातळ नाही

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात पोरांसाठी इंग्रजी शब्दांचा कॉलम येतो, तो आमच्याकडे शाळेतले पोट्टे कापून वहीत चिकटवतात म्हणून लिहितोय. त्यात 'लाइद' (lithe) या शब्दाचा अर्थ नुसता 'सडपातळ' दिला, ते काही बरोबर नाही. सडपातळ तर काडीपैलवान पण असतो, त्याला कमरेत वाकता येतं का? लाइद म्हणजे ज्याचं अंग सहज वाकतं, वळतं आणि ते पाहायला पण झकास वाटतं, मग तो बारीक असो का भरलेला. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे गडी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मल्लखांब दाखवून आले, त्यांना हा शब्द फिट बसतो.

आणि खरी मजा तर पुढंच आहे. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ होता मऊ, सौम्य, शांत. माणूस असो का हवा, दोन्हीला चालायचा. तिकडं जून-जुलैच्या महिन्यांना 'लिदा' म्हणायचे, बीड नावाच्या साधूनं आठव्या शतकात लिहून ठेवलंय की तेव्हा वारा शांत राहायचा आणि समुद्रात जहाज घालता यायचं. (आपल्याकडे जूनमध्ये वारा सुटला का टिनं उडतात, तो विषय वेगळा.) वाकण्या-वळण्याचा अर्थ इंग्रजीत नंतर पक्का झाला.

जर्मनमध्ये याचाच भाऊ 'लिंड', म्हणजे सौम्य. त्यात 'न' आहे, इंग्रजीत गळाला. असा 'न' इंग्रजीनं लय ठिकाणी गाळला, आपल्या दंतचा तिकडचा भाऊ 'टूथ', हंसाचा भाऊ 'गूस', जर्मनमध्ये मात्र अजून 'गान्स'च आहे. मग डेंटिस्टमध्ये 'न' काहून, असं एखादा पोट्टा विचारीनच, तर तो शब्द लॅटिनमधून आला, तिथं 'न' शाबूत होता. पोरांना हे सांगितलं ना, तर स्पेलिंग घोकायची गरज कमी पडते बावा, निदान आमच्या वर्गात तरी पडते.

लॅटिनमध्ये याचा नातेवाईक 'लेंटस', म्हणजे लवचिक आणि संथ पण. 'रिलेंट', म्हणजे नरम पडणे, त्यातूनच आला. पुढच्या वेळी तो घ्या, आणि कॉलमचे अक्षर जरा मोठे करा, ग्रामीण आवृत्तीत शाई पसरते, अर्धं वाचताच येत नाही.

एक शिक्षक, ता. दर्यापूर, जि. अमरावती