मोलोकाईहून

ती. आप्पा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

महिनाभरासाठी म्हणून आलेली मी पाचवा महिना लागला तरी इथेच आहे, याचा तुम्हाला राग आला असल्यास तो रास्तच आहे. ऑफिसचे काम इथूनही होते, एवढेच कारण मी फोनवर सांगितले. उरलेले फोनवर सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

हवाईतले हे मोलोकाई बेट जेमतेम ६१ किलोमीटर लांब आणि १६ किलोमीटर रुंद, वस्ती सात हजारांच्या आसपास. रस्त्यावर एकही सिग्नल नाही आणि माडाहून उंच इमारत नाही. शेजारच्या माउई बेटाची फेरीबोट २०१६ मध्ये बंद पडली, तेव्हापासून लहानशा विमानाखेरीज यायला साधन नाही. किराणा मालवाहू बार्जने येतो, त्यामुळे दुधाचा भाव ऐकून आईने दह्याचे नावच टाकले असते.

या शांततेची दुसरी बाजू मात्र पालाआऊच्या कड्यावरून दिसते. दीड हजार फुटांहून अधिक खोल, समुद्रात शिरलेली कालाउपापाची सपाट जमीन आहे; मागे कडा आणि तिन्ही बाजूंना पाणी असल्यामुळेच १८६६ पासून कुष्ठरोग्यांना घरच्यांपासून तोडून तिथे आणून सोडत. बेल्जियमचे फादर डेमियन १८७३ मध्ये तिथे गेले, रोग्यांच्या जखमा बांधल्या, शवपेट्याही स्वतः केल्या आणि १८८९ मध्ये त्याच रोगाने वारले. सक्तीचा कायदा उठला तो थेट १९६९ मध्ये, आणि तरीही कित्येकजण आपण होऊन तिथेच राहिले. आप्पा, मी सातवीत असताना तुम्ही आम्हाला वरोऱ्याला आनंदवनात नेले होते, आणि तिथल्या आजोबांनी विणलेली सतरंजी मी हातात घ्यायला कचरले तेव्हा तुम्ही काही न बोलता ती स्वतःच्या खांद्यावर टाकली होती. कड्यावर उभी असताना मला तुमचा तो खांदाच आठवत राहिला, आणि बहुधा त्यामुळेच परतीचे तिकीट मी दोनदा पुढे ढकलले.

आता हलके काही. होओलेहुआच्या टपाल कचेरीत न सोललेल्या नारळांची टोपली ठेवलेली असते. नारळ फुकट, पैसे फक्त टपालाचे. सोडणावर रंगीत पेनाने पत्ता लिहायचा आणि तिकिटे थेट त्यावरच चिकटवायची, खोका लागत नाही. मी न्यू जर्सीच्या शमाला एक धाडला. सोडण खडबडीत असल्यामुळे पेन अडखळतो, आणि तिच्या नावातला 'श' तीनदा गिरवावा लागला. आपल्याकडे पाठवण्याचा विचार मनात आला खरा, पण रत्नागिरीला टपालाने नारळ आलेला पाहून पोस्टमनने गावभर काय सांगितले असते, ते तुम्ही जाणताच.

विहिरीकडच्या माडांवर यंदा पाडेली चढला की नाही, ते अवश्य कळवावे.

तुमची,
नमू