सही करण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

कराराचा मसुदा आलाय आणि पैसे थोडे वाढवून मागायचेत, असं तू काल म्हणालीस. जरूर माग. फक्त मागायचं कसं ते आधी समजून घे, कारण एका वाक्याने हातातलं काम जाऊ शकतं.

एकाने अटी पुढे ठेवायच्या आणि दुसऱ्याने त्या जशाच्या तशा मान्य करायच्या, की करार झाला. यातलं ‘जशाच्या तशा’ फार महत्त्वाचं. १८४० साली इंग्लंडमध्ये रेंच नावाच्या गृहस्थाने आपली शेती हाईडला १,००० पौंडांना देऊ केली. हाईड म्हणाला, ९५० देतो. रेंच नाही म्हणाला. मग हाईडने कळवलं, बरं, १,००० ला घेतो. तोवर रेंचचं मन बदललं होतं. हाईड कोर्टात गेला आणि हरला. ९५० चा आकडा काढला तेव्हाच मूळ प्रस्ताव संपला, असा निकाल लागला. मला तो पटतो. समोरच्याने तरी किती दिवस अडकून राहायचं?

१८८० च्या लोखंडाच्या सौद्यात मात्र उलट झालं. टनाला ४० शिलिंग भाव ठरत होता. घेणाऱ्यांनी तारेने एवढंच विचारलं, की माल दोन महिन्यांत घेतला तर चालेल का? ही नुसती विचारणा आहे, नकार नाही, असं कोर्टाने म्हटलं आणि प्रस्ताव शाबूत धरला.

म्हणून ‘इतके दिलेत तरच करते’ असं लिहू नकोस. ‘रकमेत वाढीला वाव आहे का?’ असं विचार.

बाकीचं तुझ्या बाबतीत सरळ आहे. दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यायचं असतं, दोघं सज्ञान हवेत, काम कायद्यात बसणारं हवं. संमती दबावाने किंवा फसवून घेतलेली नको. कोणी ‘आत्ताच्या आत्ता सही कर’ म्हणून मागे लागलं तर सरळ एक दिवस माग. तोंडी करारही बहुतेक व्यवहारांत चालतो, पण वाद झाला की तो सिद्ध करताना दमछाक होते. तेव्हा फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलने कळवून ठेव.

आणि काम मध्येच थांबलं तर काय, हे कलम मसुद्यात शोध. तोवर झालेल्या कामाचे पैसे मिळणार की नाही, हे त्यात स्पष्ट नसेल तर पहिला प्रश्न तोच विचार. ते पान मलाही पाठव, रात्री वाचून फोन करते.

तुझी,
आई