ओव्हन नाही त्यांनी ब्रेड करायचाच नाही का?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मागे ओट्सच्या तिखट-मिठाच्या ब्रेडची रेसिपी आली होती. फोटो मस्त, पण पहिलीच ओळ "ओव्हन २०० डिग्रीला तापवून घ्या" आणि तिथंच आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांनी पान उलटलं. यावल-फैजपूरकडे किती घरात ओव्हन आहे सांगा बरं, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पण लाइट कधी जाईल नेम नाही. बिडाचा खोलगट तवा नाहीतर कढई मात्र बऱ्याच घरात निघते, आणि हा ब्रेड लोखंडी भांड्यातलाच आहे ना, मग गॅसवरची पद्धत पण दोन ओळीत द्यायची होती की.

मी गॅसवरच करते. साधे ओट्स, ते मसाल्याचे पाकीटवाले नाही, २०० ग्रॅम मिक्सरमधून जाडसर फिरवायचे, त्यात ५० ग्रॅम दादरचं (म्हणजे आमच्याकडच्या दादर ज्वारीचं) पीठ, एक मोठी वाटी आंबट दही, मीठ, बारीक कांदा, लसूण-हिरवी मिरचीचा ठेचा, कोथिंबीर, दोन चमचे तेल, आणि पाणी घालून भज्याच्या पिठापेक्षा थोडं घट्ट ठेवायचं. मग २० मिनिटं झाकून ठेवा, हे टाळू नका, कारण ओट्स पाणी पीत राहतात आणि पीठ नंतर घट्ट होतं, तेव्हा लागलं तर अजून थोडं पाणी. खायचा सोडा अर्धा चमचा, तो अगदी शेवटी, कारण दह्याच्या आंबटपणाला लागला की लगेच गॅस सुटायला लागतो, आधी घालून ठेवला तर फुगायचं ते वाटीतच फुगून बसतं. मळायची भानगड नाही, ओट्समध्ये गव्हासारखा चिकटपणा नसतोच, कितीही मळा काही फरक नाही.

तवा आधी चांगला तापवायचा, तेल घालायचं, पीठ ओतल्यावर चर्र आवाज आला पाहिजे, तरच खालून खरपूस होतो आणि चिकटत नाही. वरून तीळ, घट्ट झाकण, गॅस एकदम बारीक आणि तव्याखाली एक जुना पोळीचा तवा सरकवून द्यायचा म्हणजे बूड जळत नाही. २०-२५ मिनिटांनी ताटावर उलटा करून दुसरी बाजू ८-१० मिनिटं. आमची आजी चुलीवर असलं काही करताना झाकणावर निखारे ठेवायची, वरून-खालून दोन्हीकडून आच, ओव्हन म्हणजे तरी दुसरं काय असतं? आणि उतरवल्याबरोबर कापू नका, आत गिचका लागतो, जरा निवू द्या.

अजून एक. त्या लेखात ओट्स म्हणजे कोलेस्टेरॉलवर औषधच असं लिहिलं होतं. त्यातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या तंतूचा उपयोग होतो हे खरं, अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) १९९७ मध्ये ओट्सने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली, पण रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या हिशोबाने, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम ओट्स रोज, आणि बाकीच्या जेवणात तूप-तेल कमी ठेवून. एका तुकड्याने काय होणार? त्यात आमच्याकडे हा ब्रेड वांग्याच्या भरिताबरोबर खातात, आणि भरितावर तेल किती असतं ते खान्देशवाल्यांना मी काय सांगू. चवीला लागतो झकास, तरी भरीत म्हटलं की कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरीच पहिली, ओट्सचा नंबर त्यानंतर.

तर विनंती एवढीच, रेसिपी छापताना गॅसवरची पद्धत द्या, आणि वाटीऐवजी ग्रॅम द्या, माझी वाटी आणि शेजारच्या काकूंची वाटी यात बराच फरक आहे. आणि फोटो कापलेल्या बाजूचा छापा, वरून सगळेच ब्रेड छान दिसतात, आतून शिजलाय का ते कापल्यावरच कळतं.

– एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव