थकलेलं ऊसबिल आणि शेतकऱ्याचं डोकं : सहकारमंत्र्यांना खुले पत्र

मा. सहकारमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

ऊसबिल थकलं की शेतकऱ्याचं रुपयांत किती नुकसान होतं, हे आपल्या खात्याला माहीत आहे. त्याच काळात त्याच्या विचार करण्याच्या ताकदीचं काय होतं, हेही एका संशोधनाने मोजलं आहे. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, पलूस तालुक्यात आमचा घरचा ऊस आहे, म्हणून हे आपल्यापुढे ठेवणं मला माझं काम वाटतं.

२०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांचा निबंध आला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची परीक्षा त्यांनी दोनदा घेतली. एकदा तोडणीआधी, हातात पैसा नसताना. एकदा तोडणीनंतर, पैसा आल्यावर. एक चाचणी आकृत्यांच्या कोड्यांची. दुसरीत ‘५ ५ ५’ असं दिसलं, तर पाच न म्हणता अंक किती आहेत ते, म्हणजे ‘तीन’, सांगायचं. तोंडावर आलेलं उत्तर आवरून बरोबर उत्तर द्यायला मनावर ताबा लागतो. कोड्यांत तोडणीनंतर १० पैकी सरासरी ५.४५ उत्तरं बरोबर आली, तोडणीआधी ४.३५. अंकांच्या चाचणीतही तोडणीआधी वेळ जास्त लागला, चुका जास्त झाल्या. माणसं तीच, शिक्षण तेवढंच.

संशोधकांनी ऊसच का निवडला, हे आपल्याकडच्या कुणालाही लगेच कळेल. कारखाना तोडीची पाळी लावून देतो. एकाच महिन्यात एकाच्या हातात पैसा असतो, शेजारच्याचा ऊस अजून उभा असतो. त्यामुळे हा फरक ऋतूचा किंवा सणावाराचा म्हणता येत नाही.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची कल्पना मांडली. हातातलं काम होईपर्यंत लागणाऱ्या गोष्टी मन जिथे धरून ठेवतं, ती जागा फार थोडी असते. गावच्या पतपुरवठा सोसायटीचं कर्ज, पोरीची फी, खताच्या दुकानातली उधारी यांनीच ती भरली, तर समोरच्या कागदाला जागा उरत नाही. पैशाच्या काळजीने विचारशक्ती घटते, हे मत सगळ्यांना मान्य नाही, तेही सांगायला हवं. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच तुलना करणाऱ्या २०१६ च्या अभ्यासात फरक आढळला नाही. पण पगाराची वाट काही दिवसांची असते. आमच्या आडसाली उसाला तुटायलाच दीड वर्ष लागतं, आणि मग बिलाची वाट सुरू होते.

आमच्या भावकीतले एक अण्णा बांधावर उभे राहून टनेज सांगतात, आणि ते काट्याच्या पावतीच्या जवळपास निघतं. मार्चमध्ये ते सोसायटीत कर्ज नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायला, बसले होते. ऊस जाऊन दोन महिने झाले होते, बिलाचा पत्ता नव्हता. फॉर्मवर गट नंबर लिहिताना त्यांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं आणि शेवटी भावाचा नंबर लिहिला. सचिव म्हणाले, “अण्णा, लक्ष कुठाय?” त्यांचं लक्ष बायकोच्या तारण ठेवलेल्या दागिन्यांत होतं, आणि चार दिवसांसाठी व्याजाने उचललेल्या पैशांत होतं. असा माणूस अडाणी नसतो, निष्काळजीही नसतो. त्याला तसं बोललेलं ऐकलं की मला फार त्रास होतो.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असं त्यात स्पष्ट आहे. पण हे व्याज मिळवायला तक्रार, पाठपुरावा आणि मोर्चा लागतो. म्हणजे ज्याचं डोकं आधीच काळजीने व्यापलंय, त्यालाच आपण आणखी कागद रंगवायला लावतो. पंधराव्या दिवसापासून हे व्याज अर्जाशिवाय बिलातच जमा झालं पाहिजे, आणि ते साखर आयुक्तालयाने तपासलं पाहिजे.

दुसरी मागणी ३१ मार्चची, म्हणजे सोसायटीत थकबाकी धरतात त्या तारखेची. कारखान्याकडे बिल अडकलं असेल, तर तेवढ्या रकमेपुरतं त्या सभासदाला थकबाकीदार धरू नये. कारखान्याची येणेबाकी सोसायटीला कळवणं अवघड नाही. बिलातून कर्ज कापून घेताना दोघांचे हिशेब जुळतातच की. ठिबकसारख्या अनुदानांच्या अर्जाची मुदतही शक्यतो बिलं जमा झाल्यानंतरची ठेवावी. त्यासाठी कृषी खात्याशी बोलावं लागेल, ते आपण बोलावं.

येत्या हंगामाची धुराडी पेटण्याआधी या दोन्ही गोष्टींचा लेखी आदेश निघावा, आणि त्याची प्रत प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लागावी, एवढी विनंती.

आपली,
एक ऊस उत्पादक आणि मानसशास्त्राची प्राध्यापिका
ता. पलूस, जि. सांगली